परड्यातली भाजी, घाटावरची भाजी आणि रक्तातली साखर

(मधुमेह व आहार विभाग)

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण कक्षात एका मावशींनी विचारलेल्या प्रश्नापासून या लेखाचा आरंभ करणे उचित होईल. त्यांच्या यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. तपासणीचा कागद पुढे ठेवीत त्या काहीशा रागानेच म्हणाल्या, “डॉक्टर, बाजारची भाजी आम्ही पार बंद केली. फवारे मारलेलं काही घरात येत नाही. सगळं परड्यातलंच खातो. मग यांची साखर खाली का येत नाही?”

परड्यात काय काय आहे, असे विचारता त्यांनी अभिमानाने यादी सांगितली. सुरण होता, करांदे होते, कणगर होती, रताळ्याचे दोन वाफे होते. शेणखताशिवाय काही घातलेले नव्हते. रोजच्या जेवणात यांपैकी एकाची भाजी आणि सोबत नेहमीइतका भात. मावशींचे एकही वाक्य खोटे नव्हते आणि त्यांच्या कष्टांत कोठेही कसूर नव्हती. तथापि १०० ग्रॅम रताळ्यात साधारणपणे २४ ते २८ ग्रॅम, तर सुरणात सुमारे १८ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे तीनशे ग्रॅम रताळी खाल्ली, तर जवळजवळ दोन वाट्या भात खाल्ल्यासारखेच झाले. यजमानांच्या ताटात भाजीच्या नावाने दुसरा भातच वाढला जात होता.

आपल्या रुग्णालयाचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय अशा तिन्ही वर्गांतून हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत आमच्याकडे येतो. गावातील लोक विचारतात, घरची भाजी खाल्ली तर गोळ्या कमी होतील का? मुंबई-ठाण्यातील हितचिंतक विचारतात, बाजारातील भाजीपेक्षा सेंद्रिय भाजी मधुमेहाला अधिक चांगली का? यावर आमचे उत्तर असे, की रक्तातील साखरेच्या दृष्टीने भाजी घरची की विकतची, यापेक्षा ती कोणती, किती आणि कशासोबत खाल्ली याला फार अधिक महत्त्व आहे. घरच्या व स्थानिक भाजीचा लाभ निश्चित आहे. मात्र तो निराळ्या वाटेने मिळतो.

भाजीने साखर आवाक्यात राहते, याची कारणे साधी आहेत. पालेभाज्या आणि दुधी, पडवळ, शिराळी, कारली, तोंडली यांसारख्या वेलभाज्या यांत कर्बोदके अत्यल्प, म्हणजे १०० ग्रॅममध्ये बहुधा तीन ते सहा ग्रॅम असतात. पाणी आणि तंतू मात्र भरपूर असतात. तंतूंमुळे अन्न जठरातून पुढे सावकाश सरकते आणि भात-भाकरीतील पिष्टाची साखर रक्तात हळूहळू उतरते. पोट भरल्याची जाणीव लवकर होत असल्याने भाताचा दुसरा वाढा आपोआप टळतो. आमच्या अनुभवाने हा शेवटचा लाभ सर्वांत मोठा आहे. येथे एका गैरसमजाचाही उल्लेख करावासा वाटतो. लाल भोपळा गोड लागतो म्हणून अनेक रुग्ण तो वर्ज्य मानतात; वस्तुतः त्यात १०० ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपासच कर्बोदके असतात. त्याच घरी बटाट्याची भाजी मात्र पथ्याची म्हणून बिनदिक्कत खाल्ली जाते. जिभेला लागणारी गोडी आणि रक्तात वाढणारी साखर यांचे नाते आपण समजतो तितके सरळ नाही.

जेवणातील क्रमासही महत्त्व आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात तेच जेवण त्याच रुग्णांना दोन निरनिराळ्या क्रमांनी देण्यात आले. भाज्या व प्रथिनयुक्त पदार्थ आधी आणि पाव व फळाचा रस नंतर घेतला असता जेवणानंतरची साखर लक्षणीयरीत्या कमी राहिली. अभ्यासात अवघे अकरा रुग्ण होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही हा उपाय करून पाहण्यास कोणताही खर्च नाही. आपल्या ताटात डाव्या बाजूस कोशिंबिरीची जागा पूर्वापार ठरलेली आहे. ती आता चमचाभर, केवळ शोभेपुरती वाढली जाते. ती वाटीभर वाढावी आणि भात कालविण्यापूर्वी संपवावी, एवढेच आमचे सांगणे असते.

आता प्रमाणाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सुचविले आहे. चार माणसांच्या कुटुंबाचा हिशेब केल्यास ही भाजी रोज १,६०० ग्रॅम होते. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी हा आकडा सांगितला, की समोरची मंडळी बहुधा हसतात. कोकणातील सर्वसाधारण घरी चौघांत मिळून अर्धा किलो भाजी शिजली तरी ती पुष्कळ मानली जाते. खरी अडचण येथे आहे, आणि परड्याचे महत्त्वही येथूनच सुरू होते.

आपल्या भागातील बाजारात येणारी पुष्कळशी भाजी घाटावरून, कोल्हापूर आणि बेळगावच्या बाजूने येते. वाहतूक, हमाली, नासाडी आणि मधल्या हातांचा वाटा हे सर्व तिच्या दरात मिळविले जाते. पावसाळ्यात घाटरस्ता बंद पडला की दर आणखी चढतात. ज्या घरी औषधांचा मासिक खर्चच कष्टाने भागविला जातो, त्या घरी पहिली काटछाट भाजीत होते आणि तिची भरपाई भाताने होते. डॉक्टरांनी ‘भाज्या भरपूर खा’ असे लिहून देणे सोपे आहे. ती सूचना पाळणे रुग्णाच्या गृहिणीला किती महाग पडते, याचा विचार आम्हीही फार उशिरा केला, हे येथे मान्य केले पाहिजे. दारात मांडव असेल, तर श्रावण-भाद्रपदात पडवळ, शिराळी, काकडी आणि कारली यांची मोजदाद करावी लागत नाही. जी वस्तू दारात फुकट लोंबते आहे, ती माणूस अधिक खातो, आणि मधुमेहाच्या दृष्टीने परड्याचे श्रेष्ठत्व मुख्यतः या एका गोष्टीत आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानासाठी काढलेले वाण, उदाहरणार्थ कारल्याचे ‘कोकण तारा’, पडवळाचे ‘कोकण श्वेता’ आणि दोडक्याचे ‘कोकण हरिता’, लागवडीसाठी उपयुक्त आहेत.

पावसाळ्यातील रानभाज्यांचाही येथे उल्लेख आवश्यक आहे. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, करटोली यांच्यासाठी कोणी बी पेरलेले नसते आणि फवारणीही केलेली नसते. मात्र ओळख पक्की असल्याशिवाय रानातील काहीही खुडू नये. शेवळासारखी भाजी तर काकडाची फळे वा तशीच आंबट जोड न घालता शिजविल्यास घशाला खाज आणते. जाणत्या म्हाताऱ्या बाईचा शब्द या बाबतीत आमच्या शब्दाहून मोठा आहे.

ताजेपणाविषयी थोडे स्पष्टीकरण करणे अगत्याचे आहे. पालेभाजी खुडल्यापासून तिच्यातील क जीवनसत्त्व झपाट्याने घटू लागते. उष्णता आणि उशीर यांनी ही हानी वाढते. सकाळी खुडून दुपारी शिजविलेला लाल माठ आणि दोन दिवस प्रवास करून कोमेजलेली मेथी यांत म्हणूनच फरक पडतो. परंतु या काळात तंतू नाहीसे होत नाहीत आणि कर्बोदके वाढत नाहीत. कोमेजलेल्या मेथीनेही साखरेचे काम बऱ्याच अंशी साधते. दुधी, कोबी, भोपळा तर प्रवास चांगलाच सोसतात. तेव्हा ज्यांना परडे नाही, त्यांनी घाटावरची भाजी खाण्यात कोणताही कमीपणा मानू नये. भाजी मुळीच न खाण्यापेक्षा विकतची भाजी कितीतरी पटींनी बरी. सेंद्रिय भाजीच्या बाबतीतही हेच सांगता येईल. तिच्यावर रासायनिक कीटकनाशकांचा अंश कमी असण्याचा संभव आहे आणि तो लाभ मोलाचा आहे. पण सेंद्रिय बटाटा हा कर्बोदकांच्या हिशेबात बटाटाच राहतो. दुप्पट दराची भाजी निम्मी घेऊन ताटातील वाटा घटणार असेल, तर आम्ही साधी भाजी पूर्ण घ्या असेच सांगू.

कीटकनाशकांची भीती निराधार नाही. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे, यावरूनच तिचे गांभीर्य कळावे. फवारणीनंतर काढणीपूर्वी ठरावीक दिवस थांबावे लागते. दर चढला की हा नियम मोडला जातो, हे शेतकरी मित्र खासगीत कबूल करतात. काहींच्या शेतात घरचा वाफा निराळा आणि बाजारचा वाफा निराळा असतो. म्हणजे ‘स्थानिक’ या शब्दानेही आपोआप निर्धोकपणाची हमी मिळत नाही. भाजी जवळची असल्याचा लाभ असा, की ती पिकविणाऱ्याला तोंडावर विचारता येते. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने पृष्ठभागावरील माती, जंतू आणि औषधाचा काही अंश जातो; जे औषध झाडाच्या आत शोषले गेले, ते धुण्याने जात नाही. साबण वापरू नये.

मुंबईकर वाचकांसाठी येथे एक सूचना करतो. लोहमार्गालगत सांडपाण्यावर वाढविलेल्या पालेभाज्यांविषयी मुंबईत वारंवार चिंता व्यक्त झाली आहे. शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू पालेभाज्या मातीतून शोषून घेतात आणि ते धुवून वा शिजवून निघत नाहीत. अशी भाजी अगदी जवळची आणि ताजी असली तरी टाळावी. त्यापेक्षा गच्चीत वा खिडकीत चांगल्या मातीच्या चार कुंड्या ठेवाव्यात. मुंबई बंदराच्या भटारखान्याच्या गच्चीवर तेथील ओल्या कचऱ्याच्या खतावर २००२ पासून फुलविलेली बाग पुष्कळांना ठाऊक असेल. रसायनांचे जुने पिंप किंवा उडालेल्या रंगाचे डबे मात्र लागवडीसाठी वापरू नयेत. मेथी आणि माठ महिन्याभरात खुडण्याजोगे होतात. चार कुंड्यांनी घराची १,६०० ग्रॅमची गरज भागणार नाही, आठवड्यातून एखादी पालेभाजी निघेल. परंतु जो स्वतः मेथी पेरतो, तो ती टाकून देत नाही, असा आमचा अनुभव आहे.

घरच्या भाजीवरील विश्वास कधीकधी धोक्याचाही ठरतो. कारल्याचा रस सुरू केला म्हणून परस्पर गोळ्या बंद केलेले एक गृहस्थ दोन महिन्यांनी अत्यवस्थ स्थितीत आमच्याकडे दाखल झाले. कारले ही उत्तम भाजी आहे, हे निर्विवाद. पण मधुमेहावरील औषध म्हणून तिच्यावर झालेल्या चाचण्यांचा २०१२ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला, तेव्हा तिची शिफारस करण्याइतका पुरावा आढळला नाही. दुधीच्या रसाविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. कडू निघालेल्या दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. अशा रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये, असे बजावले आहे. परड्यातील वेल आपोआप उगवलेला असेल, तर दुधी कडू निघण्याची शक्यता गृहीत धरावी. चकती कापून जिभेला लावावी, कडू लागताच थुंकून ती दुधी फेकून द्यावी. ‘मधुमेहाला कडू चांगले’ ही समजूत या ठिकाणी जीवघेणी ठरू शकते.

ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहामुळे अशक्त झाली आहेत, त्यांना पालेभाज्यांतील पोटॅशियम बाधू शकते. त्यांनी भाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि सांगितले असल्यास भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांच्या प्रमाणात एकाएकी मोठा बदल करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना भात एकदम निम्म्यावर आणल्यास साखर फार खाली जाऊन घाम, थरथर आणि क्वचित बेशुद्धीही येते. भात घटविण्यापूर्वी आम्हाला सांगावे, ते एवढ्याचसाठी.

यापुढील गोष्ट आमच्याच उणिवेची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ‘दारात भाजी लावा’ असे एक पत्रक छापून रुग्णांना वाटले. खत, पाणी, वाण, सर्व काही त्यात होते. ते पत्रक वाचून एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकांनी पडवळाचा मोठा मांडव घातला. मांडवासाठी बांबू तासताना एक सल त्यांच्या अनवाणी पायात शिरली. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेली होती, त्यामुळे त्यांना ती कळलीच नाही. नवव्या दिवशी ताप भरून ते आले, तेव्हा पाय काळानिळा झाला होता. पाय वाचला, दोन बोटे मात्र काढावी लागली. शस्त्रक्रियेनंतर ते आम्हाला म्हणाले, “मांडवाला पडवळ लागलेत, डॉक्टर, तेवढे कोणाला तरी काढून न्यायला सांगा.” त्या पत्रकात पायांविषयी एक अक्षरही नव्हते. आता त्याची पहिली ओळ अशी आहे: परड्यात पाऊल टाकण्यापूर्वी बंद पादत्राण घालावे आणि कामावरून आल्यावर दोन्ही तळवे, बोटांमधील जागेसह, उजेडात पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना पाहण्यास सांगावे. पावसाळ्यात चिखलातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठीही हीच खबरदारी उपयोगी पडते. पाणी घालणे, आळी करणे, वेल चढविणे यांत होणाऱ्या हालचालीचा साखरेला लाभ होतो, यात शंका नाही. पण तो लाभ पायाच्या मोलाने घेण्याजोगा नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. इतक्या रुग्णांना केवळ औषधांवर सांभाळणे कोणत्याही धर्मादाय संस्थेला झेपणारे नाही. म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की आहारमार्गदर्शन आणि पायांची तपासणी या दोन गोष्टींना निधी देताना हात आखडता घेऊ नये. बियाण्यांची पाकिटे देणाऱ्या देणगीदारांचे आम्ही आभारी आहोत. त्यांनी प्रत्येक पाकिटासोबत चपलांच्या एका जोडाचा विचार केल्यास आम्हाला अधिक आनंद होईल.

आरंभी उल्लेखिलेल्या मावशींनी रताळ्याच्या एका वाफ्यात लाल माठ व मुळा टाकला आणि दुसरा तसाच ठेवला. महाशिवरात्रीच्या उपासाला रताळी हवीतच, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते आम्हाला मान्य होते. त्या दिवशी भात नसतोच. कंद शिजतील तेव्हा ते भाताच्या हिशेबात धरायचे, असेही ठरले. पुढील तपासणीत यजमानांची तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आलेली होती. मधल्या काळात त्यांच्या गोळीचे प्रमाणही बदलले होते, त्यामुळे सारे श्रेय माठाला देता येणार नाही. मावशी मात्र ते देऊन मोकळ्या झाल्या आहेत.

मधुमेह विभागात आहारविषयक सल्ल्यासाठी येणाऱ्यांनी मागील तीन दिवसांत काय खाल्ले, ते वहीत लिहून आणावे. भाजीचे नाव, ती किती वाट्या घेतली आणि तिच्यासोबत भात किंवा भाकरी किती होती, हे सर्व लिहावे. लिहिणे शक्य नसल्यास घरी जेवण करणाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे. ताई विचारून लिहून घेतात.